बाजूचीच माती

आमच्या ओपीडीत फायलींपेक्षा किस्सेच लवकर साठतात. फायली निदान कपाटात तरी जातात! मी भंडाऱ्यात कॅन्सरच्या सर्जरी करते. स्तनातली गाठ लहान असताना बाई आली, तर तेवढाच भाग काढायचा आणि काखेखालचं मांस रक्तवाहिनीसकट सरकवून खड्डा भरायचा. स्तन वाचतो. उशीर केला की सगळाच काढावा लागतो, आणि कधी कधी बाईच हाती लागत नाही. हे सांगून सांगून जीभ झिजली बघा.

*

मोहाडीच्या एका आजींना कागदावर चित्र काढून, इंग्रजी नावांसकट हे ऑपरेशन समजावत होते. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"म्हणजे धानाच्या बांधीत खड्डा पडला तं बाजूचीच माती ओढाची, असंच न जी?"

"अगदी असंच!"

"मंग एवढी इंग्रजी कायले केली?"

तेव्हापासून मी चित्रं काढत नाही.

*

काखेखाली रक्तवाहिनी कुठून येते, ते डॉपलरचं छोटं यंत्र लावून ऐकतात. एका बाईंना लावलं. फूस-फूस, फूस-फूस! बाई ताडकन उठून बसल्या.

"पोटातल्या पोट्ट्याचे ठोके ऐकाले हेच लावतेत न? बाप्पा! नवरा जाऊन सहा वर्षं झाली मॅडम!"

मंदा सिस्टर तोंडात पदर कोंबून बाहेर पळाली. मला हसायचंही त्राण नव्हतं. बाहेर अजून तीस जणी बसल्या होत्या.

*

ऑपरेशनच्या सकाळी बाईला उभं करून मार्करने रेघा माराव्या लागतात, कारण आडवं झालं की सगळं सरकतं. एकदा अर्धा तास खपून मारल्या. टेबलावर बघते तर अंग लख्ख!

"अशा रेघोट्या घेऊन ऑपरेशनले जाते का कोणी? घासून आंघोळ केली जी."

पुन्हा उभं केलं, पुन्हा रेघा. भुलीचे डॉक्टर घड्याळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही पूर्णच काढत असता, तर एव्हाना आपण जेवलो असतो!"

*

हा किस्सा हसण्याचा नाही. धानाच्या रोवणीला, म्हणजे लावणीला जाणारी, काडीसारखी बाई. काखेखाली चिमटीत काही येईना. मी आपलं बोलून गेले, "बाजूला मांसच नाही हो. सोमवारी या, बघू."

बाई गायब. दीड महिन्याने हसत हसत आल्या.

"तूप-भात खाल्ला जी रोज. आता पाहा, येते चिमटीत!"

आलं की! गाठही दुप्पट झाली होती. मला इतका राग आला, तो माझाच. आता चिमटी घेताना मी तोंड बंद ठेवते.

*

आंधळगावची एक सून, चाळिशीची. ऑपरेशन झालं, स्तन वाचला, किरणांचे शेक झाले. दर खेपेला सासू सोबत, आणि पहिल्या दिवसापासून तिचं एकच पालुपद, "पूर्णच काढून टाका जी. आता कायले पाहिजे तिले?" एकदा तर वैतागून मी म्हातारीला बाहेर बसवलं.

शेवटच्या तपासणीला सून हुक लावत होती. सासू पडद्याआत आली आणि तिच्या छातीकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "तू जाय वं, ऑटोवाल्याले थांबव."

सून गेली. म्हातारीने स्वतःच दाराला कडी लावली आणि पदर बाजूला केला.

"गाठीले दोन वर्षं झाली. माह्यं वाचते का, पाहा न जी."