आढ्याखालचं शेत

सासऱ्यांना मी मामा म्हणते, सासूबाईंना आत्या. लग्नाला सहा वर्षं झाली तरी मामांचं आणि माझं बोलणं म्हणजे ‘चहा ठेवलास का’ आणि ‘ठेवला’, एवढंच होतं. मी वाशिंदची. लग्नाआधी तिथल्या एका कारखान्यात गाड्यांच्या वायरींचे जोड तपासायचे. शेतातलं मला काही येत नाही हे मामांनी पहिल्याच लावणीला पाहिलं आणि मला काही सांगणंच सोडून दिलं.

मे महिन्याच्या शेवटी मामा आंबे काढताना झाडावरून पडले. पाठीचा एक मणका दबला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन नको, पण तीन महिने फळीवर सपाट पडून राहायचं. उठायचं नाही, मान उंचवायची नाही, कुशीवर करायचं तर दोघांनी मिळून लाकडाच्या ओंडक्यासारखं वळवायचं. नवरा कल्याणला नोकरीला, तिथेच खोली घेऊन राहतो, शनिवारी संध्याकाळी घरी येतो. म्हणजे दोघांनी वळवायचं ते आत्यांनी आणि मी.

आमचं घर वैशाखऱ्याच्या अलीकडे, माळशेजच्या रस्त्यापासून थोडं आत. वर कौलं. मामांची खाट माजघरात. पहिले आठ दिवस ते बोलत होते. मग नुसते वाशांकडे बघत पडून राहायला लागले. टीव्ही बघायचा तर मान उचलावी लागे. मोबाइल चेहऱ्यावर धरला तर हात भरून येत. एकदा तो निसटून नाकावर आपटला, तेव्हापासून त्यांनी त्याला हात लावला नाही. तिसऱ्या आठवड्यात जेवण अर्ध्यावर आलं. आत्या भरवायला बसल्या की म्हणत, “नको गो. पडून राहिलेल्याला कशाला पायजे एवढं?”

आत्या चुलीपाशी येऊन डोळे पुसत. मी ते बघत होते आणि मला राग येत होता. कोणाचा ते सांगता येणार नाही.

कपाटावर एक प्रोजेक्टर धूळ खात पडला होता. नवऱ्याने दोन वर्षांपूर्वी क्रिकेटसाठी हौसेने आणलेला. चित्र भिंतीवर पडतं तसं छतावर का पडणार नाही, असं माझ्या मनात आलं. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, “उभा ठेवलास तर जळेल तो. आणि आपल्याकडे छत कुठे आहे? कौलं आहेत.”

“छत करते,” मी म्हटलं.

मामांची दोन पांढरी धोतरं आत्यांनी मशीनवर एकमेकांना जोडली. आधी काठ उसवून घेतले. चारी कोपरे दोरीने वाशांना बांधले तर कापड मधोमध लोंबायला लागलं. मग दोन बाजूंना नेफा शिवून त्यात बांबूच्या कांबी घातल्या आणि दोऱ्या ताणून घेतल्या. शिडीवर मी, खाली शिडी धरून आत्या, आणि दोघींच्या मध्ये खाटेवर मामा. ते सगळं बघत होते, पण काय चाललंय म्हणून विचारलं नाही.

प्रोजेक्टर पाठीवर उभा करून ठेवला तेव्हा धोतरावर उजेड पडला आणि मला वाटलं, झालं काम. दहा मिनिटांत गरम वास आला आणि तो आपोआप बंद पडला. त्याचा पंखा मागच्या बाजूने हवा फेकतो आणि तीच बाजू मी स्टुलावर दाबून ठेवली होती. नवऱ्याचं म्हणणं खरं होतं. ते मी त्याला त्या दिवशी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रोजेक्टर नेहमीसारखा आडवाच ठेवला आणि पुढ्यात न्हाणीतला आरसा तिरका लावला, विटांच्या आधाराने. उजेड आरशावर आपटून वर गेला. आता अक्षरं उलटी दिसायला लागली, रुग्णवाहिकेच्या तोंडावर लिहितात तशी. मेनूत शिरून एकेक पर्याय दाबत बसले. चित्र आडवं झालं, हिरवं झालं, एकदा तर सगळा मेनू चिनी अक्षरांत गेला आणि परत आणताना संध्याकाळ झाली. शेवटी चित्र डावी-उजवीकडे फिरवायचा पर्याय सापडला. मग लक्षात आलं की चित्राचा वरचा भाग मामांच्या पायांकडे आलाय. सगळं उचलून खाटेच्या दुसऱ्या टोकाला मांडलं.

दिवेलागणीला दारं लावून घेतली आणि मामांना आवडेल म्हणून एक कीर्तन लावलं. त्यांनी दोन मिनिटं पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

“बंद कर,” ते म्हणाले. “डोळ्यांवर उजेड येतो.”

उजेडाचं निमित्त होतं, हे मला कळत होतं. तीन दिवसांची मेहनत अशी एका वाक्यात संपली. पण धोतर मी सोडवलं नाही.

जूनच्या शेवटी आवण, म्हणजे लावणीसाठी पेरलेली भाताची रोपं, वीतभर झाली होती. मामा रोज आत्यांना विचारत, “आवण कसं हाय?” आत्या म्हणत, “बरं हाय.” ते पुन्हा विचारत, “बरं म्हंजे कसं?” एका दुपारी मी खाली शेतावर गेले, मोबाइलवर आवणाचं पाच मिनिटं चित्रण केलं, घरी येऊन पेन ड्राइव्हवर घेतलं आणि संध्याकाळी न विचारता लावलं.

धोतरभर हिरवं पसरलं. मामांनी डोळे मिटले नाहीत.

“थांब,” ते म्हणाले. “मागं घे.”

मी मागे घेतलं.

“तिथं. कडेला शेंडे पिवळे पडलेत, दिसतात तुला?”

मला दिसत नव्हते. आरशामुळे प्रत्येक पात्याला एक पुसट सावली येत होती. मी धोतराखाली जाऊन मान वर करून पाहिलं, तेव्हा दिसले.

“पाणी साचतं तिथं. बांधाला खालच्या अंगानं वाट करून दे. आणि हा खड्डा खेकड्याचा हाय. माती आन् गवत कोंबून बुजव, नायतर बांध जाईल.” मग ते म्हणाले, “कुदळ झेपंल ना तुला?”

“झेपेल,” मी म्हटलं.

त्या रात्री त्यांनी अख्खी भाकरी खाल्ली.

मग ते रोजचंच झालं. दुपारी मी शेतावर जायचे, संध्याकाळी मामा शेतावर जायचे. सुरुवातीला माझं चित्रण त्यांना पसंत नव्हतं. “बायका कशाला दाखवतंस? पाणी दाखव. पळतंस कशाला? माझ्या चालीनं चाल.” मी त्यांच्या चालीने चालायला शिकले: चार पावलं, थांबायचं, खाली बघायचं, पुन्हा चार पावलं. असं चाललं की शेत वेगळं दिसतं हे मला तेव्हा कळलं. कुठे पाणी घोट्याच्या वर आहे, कुठे रोप नुसतं उभं आहे आणि कुठे धरलंय, हे बघता बघता समजायला लागलं.

यंत्रही नीट ठेवावं लागत होतं. आमच्याकडे विजेचा दाब सारखा वर-खाली होतो, आणि मध्येच वीज गेली की पंखा थांबतो, आतली उष्णता आतच राहते. फ्रिजचा स्टॅबिलायझर काढून प्रोजेक्टरला लावला. बंद करताना पंख्याचा आवाज पूर्ण थांबेपर्यंत वायर काढायची नाही, हे आत्यासुद्धा शिकल्या. जाळीवर चुलीची काजळी बसायची, ती दर रविवारी जुन्या ब्रशने झाडायचे.

तरी एका संध्याकाळी मामा म्हणाले, “आवणावर करपा पडलाय.”

धोतरावर रोपांच्या मधोमध खरंच एक तपकिरी डाग होता. आत्या घाबरल्या. नवऱ्याला फोन झाला, औषध आणायचं ठरलं. मी मात्र दुपारीच तिथून आले होते आणि रोपं स्वच्छ होती. मी चित्रण पुढे सरकवलं. आवण गेलं, बांध आला, डाग तिथेच. बांध गेला, आभाळ आलं, डाग आभाळातही तिथेच.

“करपा यंत्राला पडलाय, मामा,” मी म्हटलं.

काच बाहेरून पुसली, काही फरक नाही. म्हणजे घाण आत होती. प्रोजेक्टर मी कधी उघडलेला नव्हता, आणि उघडताना बिघडला असता तर दुरुस्तीला मुरबाडला द्यायचा, तिथे आठवडा गेला असता. लावणी चार दिवसांवर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी खाटेशेजारी चटई टाकली आणि स्क्रू काढायला बसले. ताटात कागद पसरला, त्यावर यंत्राची आकृती काढली आणि जो स्क्रू जिथला तिथे ठेवत गेले. कारखान्यात हीच सवय लावलेली. आत एक पातळ काच होती आणि तिच्यावर एका किड्याचा पंख चिकटला होता, धुराने काळा झालेला.

मामा वरून विचारत होते, “हात थरथरत नाय ना?”

“नाही.”

“मग घाई करू नको.”

बिनसुईच्या सिरिंजने हवा मारली. पंख हलला, निघाला नाही. मग कापसाचं टोक जेमतेम ओलं करून एका बाजूने हळूच उचलला. काचेवर ओरखडा पडला नाही. सगळं परत बसवून सुरू केलं तेव्हा डाग गेला होता, पण चित्र धूसर होतं. पुढची चकती फिरवत गेले आणि मामा वरून सांगत गेले, “अजून... अजून... जरा मागं. बस.”

लावणी झाली. चौथ्या दिवशी दुपारी इतका पाऊस झाला की वरल्या भातखाचराचा ओढ्याकडचा बांध फुटला. पाच-सहा गुंठ्यांतली ताजी रोपं वाहून गेली. मी पोहोचले तेव्हा तिथे नुसती रेती होती. तोच कोपरा मी लावला होता, माझ्या हाताने, पहिल्यांदाच ओळ न मोडता.

आत्या म्हणाल्या, “त्यांना सांगू नको. आता कुठं खायला लागलेत.”

मीही तेच ठरवलं. संध्याकाळी आदल्या दिवशीचं चित्रण लावलं. मामांनी शांतपणे पाहिलं. दुसऱ्या संध्याकाळी तेच पुन्हा लावलं, फक्त सुरुवात कापून. अर्ध्यावर ते म्हणाले, “हे परवाचं हाय.”

मी चित्रण थांबवलं.

“काल आन् आज कौलांवर पाऊस कसा वाजला ते मी ऐकलं ना? आन् तुझ्या शेतात पाणी तेवढंच.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “काय गेलंय?”

मी सांगितलं. कोपरा गेला, किती गेला, बांध कुठून फुटला. आत्या दारात उभ्या होत्या, त्या आत निघून गेल्या.

मामा म्हणाले, “मी पडलोय. डोळे नाय गेले माझे. जे झालंय ते दाखव, मंग सांगता येईल.” आणि लगेच, “आवण उरलंय का?”

“आपलं नाही उरलं.”

“पलीकडच्यांचं उरलं असंल. ते दोन मुठी जास्त पेरतात, दरसाल. त्यांच्याकडं जा. माझं नाव सांग.”

मी सकाळी खरं खरं चित्रण करून आणलं, रेतीचं, फुटक्या बांधाचं. दुपारीच खिडकीला गोणपाट लावलं आणि त्यांनी ते तीन वेळा पाहिलं. बांध आहे तसा भरू नको म्हणाले. हातभर आत घे, खाली दगड रचून, पाण्याला त्याची जागा सोड. दोन दिवस मी आणि आत्यांनी दगड वाहिले. शनिवारी नवरा आला, तिसऱ्या दिवशी त्याने माती घातली. शेजाऱ्यांनी रोपं दिली, वाढून जून झालेली होती तरी दिली. एका ठिकाणी दोनऐवजी चार काड्या लाव, असं मामांनी सांगितलं होतं. मी तशा लावल्या आणि प्रत्येक ओळ चित्रित करून आणली. ती पाहून ते एवढंच म्हणाले, “धरंल.”

त्यानंतर मी त्यांच्यापासून काही लपवलं नाही. गोगलगायी दाखवल्या, पडलेला बांध दाखवला, बेणायची, म्हणजे तण काढायची राहिलेली खाचरं दाखवली. तेही मला झाकून काही सांगत नव्हते. चुकलं की चुकलं म्हणत. पण आता सांगत होते.

ऑगस्टच्या शेवटी डॉक्टरांनी पट्टा बांधून बसायची परवानगी दिली. पहिल्या दिवशी मामांना चक्कर आली. दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, मग पंधरा. महिनाभराने वॉकर धरून ते अंगणापर्यंत जायला लागले. भात पोटरीत आलं, म्हणजे लोंब्या बाहेर पडायच्या बेतात होत्या, तेव्हा एका सकाळी म्हणाले, “चला.” घरापासून शेत जेमतेम दोनशे पावलं. आम्हाला पाऊण तास लागला. वाटेत दोनदा खुर्ची टेकवून बसवलं. बांधावर पोहोचल्यावर त्यांनी आधी ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे पाहिलं. तिथलं भात बाकीच्यापेक्षा मागे होतं, पण उभं होतं.

तो कोपरा आम्ही सगळ्यात शेवटी कापला. उतारा थोडा कमी आला.

मामांना अजून वाकता येत नाही, आणि पुढेही येणार नाही असं डॉक्टर म्हणतात. यंदाची लावणी मी आणि आत्यांनी केली. मामा बांधावर खुर्ची टाकून बसले होते आणि माझ्या ओळी बघत होते. मध्येच एकदा त्यांनी हाक मारली, “गो, पाणी जास्त हाय तिथं.” मी खाली पाहिलं. पाणी जास्त होतं. मी फावडं उचललं आणि वाट करून दिली.