त्याला कुणी सांगितलं?

अकरावीला मला सांगलीत आत्याकडं ठेवलं, कारण माझे डॉक्टर तिथं होते. आमचं गाव औंधजवळ, वडील फौजेत, आणि मला लहानपणापासून साखरेचा आजार. जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन घ्यायचं हे रोजचंच, पण कॉलेजात कुणाला कळू द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. शाळेत वाढदिवसाची मिठाई वाटली की सगळा वर्ग माझ्याकडं बघायचा. ती नजर मला पुन्हा नको होती.

एकदा केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला माझी रक्तातली साखर एकदम उतरली, हात थरथरायला लागले, घाम फुटला. साखर पिशवीत होती आणि पिशवी लांब दाराशी. तेवढ्यात मागच्या टेबलावरच्या मुलानं खिशातून गूळ-शेंगदाण्याची पुडी काढली आणि गुळाचा खडा माझ्यापुढं ठेवला. मी खाल्ला. बरं वाटलं, आणि लगेच मनात आलं, ह्याला कुणी सांगितलं?

तो जतकडचा. घरी कन्नड बोलायचे, वडिलांची मेंढरं होती, हा इथं हॉस्टेलवर. आमचं बोलणं सुरू झालं. तो मला आवडायला लागला, आणि त्यामुळंच तो संशय जास्त टोचायचा. तो माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा सांगायचा तेव्हा मी त्याचा चेहरा वाचत बसायचे. ह्यात माया किती, कीव किती?

मग एका संध्याकाळी तो आमच्या गल्लीच्या तोंडाशी आत्याशी बोलताना दिसला. घरी विचारलं तर आत्या म्हणाली, पत्ता विचारत होता. खोटं बोलताना ती उगाच पदर नीट करते. तेव्हाही करत होती. आत्यानं माझ्यावर राखण बसवली आहे, अशी माझी खात्रीच झाली. मी त्याच्याशी बोलणं टाकलं.

दिवाळीनंतर तपासणीला गेले. वरच्या मजल्यावर मेंदूचे डॉक्टर बसायचे. तिथून जिना उतरताना तो दिसला, सोबत खांद्यावर घोंगडं घेतलेले त्याचे वडील. मला बघून त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला कॉलेजच्या मागच्या पायरीवर गाठलं.

"आत्यानं सांगितलं होतं ना तुला?"

"ते गुळाच्या नंतर. लक्ष ठेवशील का म्हणाल्या. मी न्हाई म्हणलो."

"का?"

"मला फिट येत्यात. घरी माझ्यावर बी राखण हाय. लय राग येतो त्या राखणीचा."

मग गुळाचं? तर म्हणाला, दवाखान्यात बसून बसून त्यानं साखरेचे पेशंट तसे थरथरताना बघितले होते. शिवाय डबा उघडायच्या आधी मी रोज पिशवी घेऊन गायब व्हायचे. जो स्वतःचं लपवतो त्याला दुसऱ्याचं लपवणं दिसतंच.

माझा निम्माच विश्वास बसला. घरी जाऊन आत्याला खोदून विचारलं. ती चिडून म्हणाली, "व्हय, तुझ्यासंगं बघितला म्हणून सांगितलं. पण त्यो न्हाई म्हणाला. लय ताठ पोरगं हाय."

त्यानंतर काही आठवड्यांनी कॅन्टीनमध्ये त्याला फिट आली. कुणी नाकाला लावायला चप्पल आणली, कुणी दातात घालायला चमचा. मी दोघांनाही ढकललं, त्याला कुशीवर वळवलं, डोक्याखाली ओढणी ठेवली आणि त्याचा हात धरून बसून राहिले. शुद्धीवर आल्यावर त्यानं विचारलं, "कुणी बघितलं?"

"सगळ्यांनी," मी म्हणाले. त्यानं डोळे मिटून घेतले, पण माझा हात सोडला नाही.

वडील येऊन त्याला जतला घेऊन गेले. ते आता त्याला परत पाठवणार नाहीत असं मी धरून चालले होते. पण ते स्वतःच त्याला सोडायला आले. हॉस्टेलच्या फाटकाशी त्यांनी मला सरळ विचारलं, "तुला बी काय तरी हाय म्हणं?"

मी हो म्हणाले, आणि काय ते सांगितलं. ते मुलाला कन्नडमध्ये एकच वाक्य बोलले आणि एसटी स्टँडकडं निघाले. त्याचा चेहरा लाल झाला. काय म्हणाले ते काही केल्या सांगेना.

आता, इतक्या वर्षांनी, आमचं लग्न ठरलंय. ते वाक्य त्यानं अजून सांगितलेलं नाही. चांगलंच होतं, एवढंच म्हणतो. मला तसं वाटत नाही. मी कन्नड शिकायला घेतलंय.