सुभेदार मामांची टाकी

आता हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मधे हसलात तर मी पुढचं सांगणार नाही!

पलटणीत मी साधा शिपाई. म्हणजे काय, तर दंडावर हुद्द्याची फीत असलेल्या कुणीही यावं आणि मला कामाला लावावं. दगडांना चुना मार. मग दुसरा येणार, म्हणणार, हा चुना कुणी मारला? खरवडून काढ! हुकूम कानावर पडला की डोकं बंद, हातपाय चालू. अंगवळणीच पडलंय हो!

तर सुट्टीवर घोटावड्याला आलो नि आईनं मला मुलगी बघायला चांद्याला नेलं. वाटेत बजावलं, "पोरीचा मामा रिटायर सुभेदार हाय. लई कडक! नीट वाग."

झालं! मी चालता चालताच शर्ट नीट खोचला.

आई घरात गेली. मी अंगणात बूट काढतोय, तोच मागून आवाज, "ए पैलवान! हिकडं ये!"

वळून बघतो तर झुपकेदार मिशा, बारीक कापलेले केस, फौजी रंगाची पँट. मामाच! दुसरं कोण असणार?

मी टाच आपटली. "जय हिंद, साहेब!"

तो दचकलाच. मग खुशीत येऊन म्हणाला, "गच्चीवरची टाकी धुवायची हाय. जमंल?"

"जमेल, साहेब!"

परीक्षा घेतोय, मी ओळखलं! इस्त्रीच्या शर्टासकट टाकीत उतरलो.

"कोपरा ऱ्हायला!"

"घासतो, साहेब!"

"जोर लाव की!"

"लावतो, साहेब!"

तेवढ्यात खालून आई ओरडली, "आरं, कुटं गेलास? मामा वाट बघत्यात!"

मी टाकीतून डोकं काढलं. "मामा तर हितंच हायेत!"

"मी कशाचा मामा?" मिशावाला म्हणाला. "मी हितला भाडेकरू. कंपनीच्या गेटवर वॉचमन हाय. आज टाकी धुवायची माझी पाळी हुती, दादा!"

शेवाळानं माखून खाली आलो. खरे मामा म्हणजे बनियनवर बसलेले किडकिडीत गृहस्थ! हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. "आरं मर्दा, हुकूम कुणाचा हाय एवढं तरी इचारायचं!"

मुलीनं मला खालून वरपर्यंत न्याहाळलं. "मामा, मला पसंत हायेत."

माझी छाती फुगली. ऐटीत विचारलं, "काय आवडलं माझ्यात?"

ती म्हणाली, "वर आणखी दोन टाक्या हायेत."

आणि बादली घेऊन जिना चढताना मला वाटत होतं, मीच तिला पसंत केली!