समोर टॉवर असूनही

घाटात ट्रक आडवा झाला आणि आमची एसटी अडकली, तेव्हा समोरच्या डोंगरावर मोबाईलचा टॉवर लख्ख दिसत होता. रेंज फुल होती, पण फोन कुणाचाच लागत नव्हता. मागेपुढे गाड्यांची रांग, आणि रांगेतला प्रत्येक जण घरी एवढंच सांगायला धडपडत होता, की मी अडकलोय. एक तीळ सात जणांनी वाटून खाल्ला म्हणतात. इथे तिळाला हातच इतके लागले, की तो कुणाच्याच तोंडापर्यंत पोचेना. सगळ्यांचं एकदम ऐकू पाहणारा टॉवर कुणाचंच ऐकत नव्हता.

माझ्या शेजारी बसलेल्या बाईने तापाने फणफणलेलं लेकरू घराशेजारच्या बाईकडे ठेवलं होतं. ती तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होती. शेवटी कंडक्टर उठला.

"सगळ्यांनी फोन बंद करा. आधी या ताईंचा लागू दे."

निरोप खिडक्यांमधून मागच्या-पुढच्या गाड्यांपर्यंत गेला. कुरकुरत का होईना, लोकांनी ऐकलं. बंद फोन मुठीत धरून बसलो, तर दाराला कुणी बाहेरून कडी घातल्यासारखा जीव गुदमरला.

फोन लागला.

"औषध घेतलंस ना? झोप हं. येतेच मी."

तिने डोळे पुसले. "झालं माझं. आता तुम्ही बोला."

तिच्यानंतर कुणी बोलायचं, हे ठरवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. आम्ही सगळ्यांनी एकदमच फोन चालू केले. रेंज फुल होती.