उजनीच्या काठावर दिल्लीची हद्द

काही प्रकरणे फाईल बंद झाली तरी गप्प बसत नाहीत. उजनीच्या काठचे हे प्रकरण मी आजही दोन श्रोते मिळाले की चहा मागवून सांगतो, आणि दर वेळी तितक्याच आनंदाने सांगतो.

तेव्हा मी करमाळ्याच्या बाजूला, धरणाच्या फुगवट्याजवळच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी चालू असताना आमचा एक खबरी आला. धंद्याने मासळीचा व्यापारी, बोलणे मधाळ.

"साहेब, पाण्याकडंला वायरलेस चालतंय. एक बाई हुकूम सोडती आन् गडी ऐकत्यात. देशाच्या सुरक्षेचं बगा की."

देशाची एवढी काळजी करणारा खबरी मला नोकरीत प्रथमच भेटत होता. ही खबर त्याने परस्पर वरही पोचवली होती. दुसऱ्याच दिवशी केंद्राच्या बिनतारी खात्याचे एक साहेब टपावर अँटेना लावलेली गाडी घेऊन दारात हजर झाले. माणूस मराठीच, पण दिल्लीत राहून आवाज थोडा वर गेलेला.

"लहरी केंद्राच्या मालकीच्या असतात," खुर्चीवर बसण्याआधीच ते म्हणाले. "सगळे संच जप्त करायचे आहेत. तुम्ही फक्त बंदोबस्त द्या."

मी बंदोबस्त दिला. म्हणजे दोन शिपाई घेतले आणि स्वतः गेलो. असला तमाशा कोण चुकवतो?

काठावरच्या वस्तीवर ती बाई सापडली. सगळे तिला काकू म्हणत. स्टार्टरच्या पेटीपाशी ती उभी होती आणि तिच्या हातात तळहाताएवढा वॉकीटॉकी होता. उन्हाळ्यात पाणी मागे हटते, तशी पाणी उपसायची मोटार खाली सरकवत न्यावी लागते. स्टार्टर मात्र वस्तीवरच राहतो. पार खाली, पाण्याच्या कडेला, मोबाईलला रेंज नसते.

"संच इकडे द्या," साहेबांनी हात पुढे केला.

काकू जागची हलली नाही. "देते की. पर आमचं मालक खाली पाण्यात हाईत. पाइपाच्या तोंडाला, फुटव्हॉल्व्हला शेवाळ गुतलंय, हात घालून काढत्यात. ते बाहेर आलो म्हनले की मी बटन दाबते. आता बटन तुमी दाबा. मालक बाहेर आले का न्हाय, ते दिल्लीला इचारून सांगा."

साहेबांचा हात तिथेच थांबला. तेवढ्यात त्या डबीतून खरखरत आवाज आला, "बाहेर आलो गं. कर चालू." काकूने बटण दाबले, खालून मोटारीची घरघर ऐकू आली.

मग मी तिला छपराखाली बसवून रीतसर विचारपूस केली.

"काकू, हे कधीपासून वापरता?"

"दिराचा हात गेल्यापास्नं. आदी आमी टावेल हालवून खुणा करायचो. दीर पाण्यात हुते. कुनीतरी वर वासराला हाकलाया टावेल हालवला, आन् जावेला वाटलं चालू कर. करंट बसला. जीव ऱ्हायला, हात न्हाय ऱ्हायला. मग सगळ्यांनी मिळून ह्या डब्या आनल्या. जप्त करा, पर परत कुनी गेलं तर पंचनाम्याला तुमीच या, साहेब."

पोलिसाला असे कुणी सांगितले की राग यायला हवा. मला लाज वाटली, आणि लगेच हुरूपही आला.

"साहेब," मी म्हणालो, "जप्ती करू. पण आधी संचांची ताकद मोजा. कमी ताकदीच्या संचांना, ठरलेल्या लहरींवर, परवान्यातून सूट आहे. नियम तुमच्याच सरकारने केलाय."

"मी तोंडी सांगतोय ते पुरेसं नाही?"

"तोंडी हुकमावर मी कोंबडीसुद्धा जप्त करत नाही."

वस्तीवरचे सगळे संच बाजेवर मांडले. साहेबांनी यंत्र लावले. एकेक करत सगळे नियमात बसले. साहेबांचा चेहरा पडला, तरी माघार नाही. "मग माझ्या गाडीतल्या यंत्राने एवढा जोरदार आवाज पकडला तो कुणाचा? आणि यांची भाषा संशयास्पद आहे."

"आता बोलायला बी लायसन लागतंय व्हय?" काकूने विचारले.

मी सगळे संच बंद करायला लावले. आणि साहेबांच्या यंत्राचा काटा तरीही उडाला. मला टाळी वाजवावीशी वाटली. आवाज दुसरीकडूनच येत होता. गाडी त्या दिशेने काढली. उसाच्या फडामागे एका शेडवर उंच अँटेना, खाली मोठा संच, समोर पाण्यात चोरून वाळू उपसणाऱ्या होड्या. शेड कुणाचे? देशाची काळजी करणाऱ्या आमच्या मासळीवाल्याचे.

ठाण्यात त्याला मी चहा दिला. चहा दिला की खोटे बोलणारा माणूस जास्त घाबरतो.

"बायकांच्या डब्यांचा तुला काय त्रास होता रे?"

त्याने कप खाली ठेवला. "वाळूची होडी काठाला लागली की एक बाई डबीत बोलायची आन् सगळा काठ गोळा व्हायचा. धंदाच बसला, साहेब. म्हनलं, दिल्लीवाले येतील, डब्या घिऊन जातील. माझा संच फडाआड, त्यो कुनाला गावतोय."

त्याचा बिनपरवाना संच साहेबांनी जप्त केला. तो त्यांचा हक्क होता, मी पंच मिळवून दिले. वाळूचा गुन्हा आम्ही दाखल केला. जाताना साहेब म्हणाले, "नमुना म्हणून बाईंचा एक संच नेतो."

"कुठल्या कलमाखाली?"

ते गाडीत बसले. पुढे माझ्याकडे खुलासा मागवला गेला, केंद्रीय अधिकाऱ्याशी असहकार केल्याबद्दल. मी लिहून दिले की संच मोजले, नियमात बसले, म्हणून मालकांकडेच ठेवले. त्यावर पुन्हा काही आले नाही.

आम्ही पोलीस हद्दीवरून फार भांडतो. रस्त्यावर अपघात झाला की मधली रेघ शोधतो आणि काम शेजारच्या ठाण्यावर ढकलतो. हद्द माणसाच्या पाठीशी उभे राहायलाही वापरता येते, हे मला त्या काठावर कळले. दिल्लीची हद्द मोठी आहे, मान्य. पण नियम जिथे संपतो तिथे ती संपते, आणि कुणीतरी समोर उभे राहून ती दाखवावी लागते. आता अंगावर वर्दी नाही. तरी पाण्यात माणूस असताना काकूंच्या हातातली डबी घ्यायला पुन्हा कुणी निघाले असेल, तर त्याने मला आधी कळवावे. मी करमाळ्याची एसटी धरून त्याच्या आधी पोचतो.