कीर्तीची पुरचुंडी

गेल्या रविवारची दुपार. तंजावुरातलं ऊन, मागचं अंगण, निळ्या रंगाची बादली आणि मी... अंगात त्राण नव्हतं.

धाकट्या बहिणीचं, सुधाचं, ऑपरेशन झालं होतं. मग ताप उतरेना. आठवडाभर मी टाउन बसने ऑफिस, हॉस्पिटल, घर करत होते.

तिची सात वर्षांची कीर्ती आमच्याकडे. वॉर्डात मुलांना सोडत नाहीत. पोरीला मराठी सगळं कळतं, पण काहीही विचारा, तमिळमध्ये एकच उत्तर... 'वेण्डाम'. नको. इडली नको, खेळायला नको, फोनवर आईशी बोलणंही नको.

म्हणून टाय-डायचा घाट घातला. ह्यांची जुनी पांढरी वेष्टी, म्हणजे इकडचं धोतर, फाडून रुमाल केले. कापड ओलं करायचं, मधोमध चिमटीत धरून पीळ घालायचा, वर चार रबरबँड आवळायचे आणि रंगात बुडवायचं. एवढं सोपं... तरी माझे हात भरून आले. एक रुमाल मी बांधला, एक कीर्तीने.

तासाभराने माझा रुमाल धुऊन सोडला. वाकडातिकडा गोल उमटला होता. कीर्तीचा सोडायला हात पुढे केला, तर तिने ती ओली पुरचुंडी छातीशी घट्ट धरली. नवा फ्रॉक निळा झाला. मी ओरडलेच... दमलेल्या माणसाचा राग कुठला कुठे निघतो.

ती रडली नाही. हळूच म्हणाली, "अम्मा आल्यावर सोडू."

मराठीत! आणि मग, "येईल ना, मावशी?"

मी खालीच बसले. आठवडाभर आम्ही सगळे तिला 'जेव, झोप, अभ्यास कर' सांगत होतो. आई कधी येणार, हे एक कोणी सांगितलंच नव्हतं.

मांडीवर घेऊन सगळं सांगितलं. टाके, ताप, डॉक्टर बुधवारी सोडणार म्हणालेत ते. त्या संध्याकाळी ती आईशी फोनवर बोलली. बराच वेळ.

बुधवारी सुधा आली. पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या पुरचुंडीचे रबरबँड कात्रीने कापावे लागले. रंग इतका मुरला होता की नक्षी नाहीच... नुसतं निळं, मध्ये नखाएवढं पांढरं. टाक्यांवर हात धरून सुधा हसली, आणि कीर्ती तिला बिलगली.

मी आतल्या खोलीत जाऊन आडवी झाले. कोणी उठवलं नाही... त्याबद्दल घरातल्या सगळ्यांचे आभार.