दादांचा पॉझिटिव्ह रिपोर्ट

माझे सासरे, आम्ही त्यांना दादा म्हणतो, अमेरिकेत माझ्या नणंदेकडे पाच महिने राहून आले आणि दिवाळीनंतर त्यांचा उजवा गुडघा टम्म सुजला. तळवड्याच्या घरात सगळे म्हणाले, वय झालं.

"वय दोन्ही गुडघ्यांचं सारखंच हाय की," दादा म्हणाले.

हाडांच्या डॉक्टरांनी गुडघ्यातलं पाणी काढलं. ते पुन्हा भरलं. मग त्यांनी आम्हाला चिंचवडला संधिवाताच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. बाईंनी परदेशवारीचं ऐकलं आणि विचारलं, "आजोबा, तिकडं काही चावलं होतं का?"

"गोचीड व्हती मांडीला. लेकीच्या परसात हरणं येत्यात. उपटून टाकली. म्हशींच्या काय कमी काढल्यात व्हय मी?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. गोचीड चावून होणाऱ्या, आपल्याकडे क्वचितच दिसणाऱ्या लाइम नावाच्या आजाराची शंका त्यांना आली होती.

रक्ताचा रिपोर्ट आला तेव्हा मी ऑफिसात होते. मोबाइलवर पाहिलं तर पहिली तपासणी पॉझिटिव्ह. दुसरीत आयजीएम निगेटिव्ह, आयजीजी पॉझिटिव्ह. मला वाटलं, लॅबनं घोळ घातला.

"घोळ नाही," संध्याकाळी दादांना घेऊन गेल्यावर बाई म्हणाल्या. "पहिली तपासणी कधीकधी उगीचच पॉझिटिव्ह येते, म्हणून दुसरीनं खात्री करायची. यात जंतू दिसत नाही, त्याच्याशी लढायला शरीरानं बनवलेल्या अँटिबॉडीज दिसतात. आयजीएम सुरुवातीला बनतात, आयजीजी नंतर. यांना चावून बरेच महिने झालेत, गुडघाही सुजलाय. सगळं जुळतंय. गोळ्यांनी बरं होईल."

महिनाभर गोळ्या झाल्या. सूज उतरत गेली, दादा काठी विसरू लागले. आणि मग अचानक गप्प झाले. जेवण अर्ध्यावर टाकून उठायचे.

गोळ्यांचा डबा आवरताना मला त्याखाली एक घडी केलेला कागद सापडला. दादा कुणाला न सांगता बसनं भोसरीला जाऊन, तिथल्या लॅबमध्ये पुन्हा रक्त देऊन आले होते. आयजीजी पॉझिटिव्ह.

"दादा, हे काय?"

ते खिडकीकडे बघत म्हणाले, "ग्येलं न्हाई पोरी ते. तुमी सगळी खूश व्हता, म्हनून बोललो न्हाई."

कागदावरची तारीख दोन आठवड्यांपूर्वीची होती. दोन आठवडे हा माणूस एकटाच ते ओझं वागवत होता. त्याच दिवशी त्यांना घेऊन मी बाईंकडे गेले.

बाईंनी कागद पाहिला आणि बाजूला सारला. "खाली मांडी घालून बसा बरं."

दादा बसले. हात न टेकता उठलेही.

"आजार गेला तरी या अँटिबॉडीज रक्तात वर्षानुवर्षं राहू शकतात. बरे झालात की नाही, हे ही तपासणी सांगत नाही, तुमचा गुडघा सांगतो. पुन्हा सुजला तर लगेच या. नुसती ही तपासणी मात्र परत करायची नाही. चूक माझीच, हे मी आधीच सांगायला हवं होतं."

"म्हंजी कागद पास झाला न्हाई तरी मी पास?"

"तुम्ही पास."

पुढच्या आठवड्यात लिफ्टची वाट न बघता दादा जिन्यानं तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरी आले. धापा टाकत दारात उभे राहिले, कपाळावर घाम, तोंडभर हसू.

"चहा टाक पोरी," म्हणाले, "आन् खायाला काय हाय?"